चावतो तो मोजा

पावसाळा तोंडावर आला की पुण्या-मुंबईच्या बुटांच्या दुकानांत एक ओळखीचे दृश्य दिसते. राजमाची, हरिश्चंद्रगड किंवा कळसूबाईचा बेत आखलेले गिऱ्हाईक बूट निवडायला तासभर घेते. तळ दाबून पाहते, ओल्या कातळावर पकड कशी राहील ते विचारते, चार जोड पायात घालून दुकानात फेऱ्या मारते आणि तीन-चार हजार रुपये मोजते. पैसे देता देता गल्ल्याशेजारच्या टोपलीतून तीन जोड्या मोज्यांचे पाकीट उचलते. पाकिटावर ‘प्युअर कॉटन’ लिहिलेले असते, तेवढ्याने समाधान होते. पुढच्या रविवारी गड उतरताना टाच जळजळू लागते, करंगळीला फोड येतो आणि दोष बुटाला मिळतो. ‘नवा बूट चावला’ हे ठरलेले निदान. पुष्कळदा ते अर्धेच खरे असते.

मापात न बसणाऱ्या बुटापासून कोणताही मोजा पायाला वाचवू शकत नाही, हे खरे. पण बूट व्यवस्थित बसत असूनही पाय सोलवटून घरी येणारे कमी नाहीत. त्यांच्या पायात अनेकदा ऑफिसला किंवा शाळेला घालायचा पातळ सुती मोजाच असतो. डोंगरवाटेवर दिवसभर कातडीला टेकलेला असतो तो मोजा. बूट त्याच्या पलीकडे असतो. त्यामुळे डोंगरात जाणाऱ्याने मोज्याकडे कपडा म्हणून पाहणे सोडावे. दोरी आणि विजेरीइतकेच ते साधन आहे. आणि ‘शुद्ध सुती ते उत्तम’ हा एरवी चांगला असलेला नियम या एका ठिकाणी तरी बाजूला ठेवावा.

त्यासाठी फोड मुळात कसा येतो ते पाहायला हवे. सर्वसाधारण समजूत अशी, की बूट कातडीवर घासतो, कातडी झिजते आणि फोड येतो. कातडी नुसती घासली तर ती खरचटते. फोडाची गोष्ट निराळी आहे. चालताना प्रत्येक पावलाला टाचेचे हाड बुटात किंचित वरखाली, मागेपुढे सरकते. वरची कातडी मात्र ओलसर मोज्याला चिकटून जागच्या जागी राहते. हाड एकीकडे आणि कातडी दुसरीकडे, अशी मधल्या थरांची ओढाताण हजारो वेळा होते. तळव्याची आणि टाचेची कातडी जाड असते, आतल्या थरांशी घट्ट बांधलेली असते; मनगटावरच्या कातडीसारखी ती सैल सरकू शकत नाही. शेवटी बाह्यत्वचेच्या आतलाच एक थर फाटतो. त्या फटीत खालून द्रव पाझरतो, वर कातडीचे छत तसेच राहते, आणि फोड तयार होतो. म्हणूनच फोड येण्याआधी त्या जागी गरम लागते. ती जळजळ ही आतली वीण उसवत असल्याची सूचना असते.

या ओढाताणीला खतपाणी घालते ती ओल. दोन्ही पायांत मिळून सुमारे अडीच लाख घर्मग्रंथी असतात आणि बंद बुटात त्या घामाला बाहेर पडायला फारशी वाट नसते. कातडी आणि कापड यांच्यातले घर्षण ओलाव्यानुसार कसे बदलते याचा अभ्यास ब्रिटिश संशोधक नेलर यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. अगदी कोरड्या कातडीवर कापड सहज सरकते, पूर्ण भिजलेल्या कातडीवरही बऱ्यापैकी सरकते. पण ओलसर, दमट कातडीवर ते सर्वांत जास्त चिकटते. बुटातला पाय दिवसाचा बराचसा वेळ याच मधल्या अवस्थेत असतो. मोज्याचे खरे काम इथे सुरू होते. कातडीजवळची ओल त्याने बाहेरच्या बाजूला न्यायला हवी. शिवाय सरकणे टळणारच नसेल, तर ते कातडीवर न होता मोजा आणि बूट यांच्यामध्ये, किंवा मोज्याच्या दोन थरांमध्ये व्हायला हवे.

सुताला हे काम जमत नाही. सुताचा तंतू पाणी पितो, फुगतो आणि ते पाणी सहजी सोडत नाही. भिजलेला सुती मोजा आकार सोडतो, तळव्याखाली लोळागोळा होतो, त्याच्या सुरकुत्या पडतात आणि प्रत्येक सुरकुती कातडीत रुतणारी कड बनते. उन्हाळ्यात सुती सदरा सुखाचा वाटतो, कारण त्यातले पाणी मोकळ्या हवेत वाळते आणि अंग थंड होते. बुटाच्या आत ती मोकळी हवा नाही. सदऱ्याच्या बाबतीतला गुण मोज्याच्या बाबतीत दोष ठरतो, तो असा.

पॉलिएस्टर, ॲक्रिलिक, नायलॉन, पॉलिप्रोपिलीन असे कृत्रिम धागे स्वतः फार थोडे पाणी शोषतात. ओल तंतूंच्या मधल्या फटींतून बाहेरच्या बाजूला सरकते आणि मोजा लवकर वाळतो. लोकरीचे वागणे आणखी मजेशीर आहे. सामान्य दमटपणात सूत आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओलावा धरते, तर लोकर सुमारे सोळा टक्के, म्हणजे दुप्पट. तरीही लोकर कमी ओली लागते. ती वाफेच्या रूपातला ओलावा तंतूच्या पोटात घेते आणि तिचा नैसर्गिक कुरळेपणा ओल्यातही टिकतो, त्यामुळे मोजा चपटा होऊन कातडीला चिकटत नाही. भर पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगराला हे शास्त्र पुस्तकातून शिकावे लागले नाही. अर्थात घोंगडीची दख्खनी लोकर जाडीभरडी, टोचणारी. तिचे मोजे पायाला सोसणार नाहीत. मोज्यांसाठी वापरतात ती मेरिनो मेंढीची लोकर. तिचा तंतू माणसाच्या केसाच्या निम्म्याहूनही बारीक असतो, म्हणून ती टोचत नाही.

हा सगळा निव्वळ तर्क नाही. मोज्यांवर प्रयोगही झाले आहेत. अमेरिकेत हेरिंग आणि रिची यांनी लांब पल्ल्याच्या धावपटूंवर केलेला प्रयोग १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. ॲक्रिलिक मोज्यांत आलेले फोड सुती मोज्यांतल्या फोडांपेक्षा संख्येने कमी आणि आकाराने लहान होते. पण १९९३ मध्ये त्याच दोघांनी साध्या, सर्वसामान्य विणीचे मोजे घेऊन पुन्हा तुलना केली, तेव्हा सूत आणि ॲक्रिलिक यांत तसा फरक दिसला नाही. हा दुसरा निष्कर्ष जाहिरातींत कधी येत नाही, पण गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. नुसता धागा बदलून भागत नाही. टाच आणि चवडा या जागी दाट, उशीसारखी वीण असेल, तरच धाग्याचा गुण कामी येतो.

तिसरा प्रयोग अमेरिकी मरीन दलाच्या नव्या भरतीवर झाला. नॅपिक आणि सहकाऱ्यांनी तो १९९६ मध्ये मांडला. नेहमीचा लष्करी मोजा घालणाऱ्यांपैकी ६९ टक्के जवानांना प्रशिक्षणात फोड किंवा त्यातून संसर्ग झाला. त्याच मोज्याच्या आत पातळ पॉलिएस्टरचा दुसरा मोजा घातलेल्यांत हे प्रमाण ७७ टक्के होते, म्हणजे एकूण संख्या कमी झाली नाही. मात्र गंभीर स्वरूपाचे फोड २४ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. आत पातळ मोजा आणि बाहेर लोकर व पॉलिप्रोपिलीनचा जाड, दाट मोजा अशी जोडी घालणाऱ्यांत एकूण प्रमाण ४० टक्के आणि गंभीर फोड ११ टक्के होते. फोड पूर्णपणे रोखणारा मोजा या प्रयोगांत कुठेच सापडला नाही. चांगल्या मोज्याने त्यांचे प्रमाण आणि तीव्रता कमी होते, एवढेच म्हणता येते. चाळीस किलोमीटरच्या वाटेवर तेवढा फरक पुष्कळ असतो.

मग दुकानात काय पाहावे? पाकिटाच्या पुढच्या बाजूची मोठी अक्षरे सोडून मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचावीत. धाग्यांचे प्रमाण दिलेले असेल, तर लोकर किंवा कृत्रिम धागे अधिक आणि सूत कमीत कमी असलेली जोडी घ्यावी. लोकरीच्या मोज्यात थोडे नायलॉन असणे चांगलेच. त्याने टाच लवकर विरत नाही. मोजा उलटा करून बोटांवरच्या शिवणीवरून अंगठा फिरवावा. शिवण हाताला लागत असेल, तर चढावर ती बोटांना नक्की लागणार. टाच आणि चवड्याच्या आतल्या बाजूला टॉवेलसारखी कडीदार वीण आहे का, ते पाहावे. मोज्याची उंची बुटाच्या काठाच्या वर दोन बोटे तरी असावी, नाहीतर काठ थेट घोट्यावर घासतो आणि बारीक खडे आत शिरतात.

मापाकडे तर सर्वांत जास्त लक्ष द्यावे. ‘फ्री साइज’ हा मोज्यांच्या बाजारातला मोठा गोंधळ आहे. पुरुषांच्या पायाच्या अंदाजाने विणलेला मोजा लहान पावलाच्या स्त्रीने किंवा शाळकरी मुलाने घातला, की त्याची टाच घोट्याच्या मागे जाते आणि उरलेले कापड बोटांपुढे गोळा होते. मोज्याची टाच पायाच्या टाचेवर आणि टोक बोटांना लागून, पण न दाबता, बसायला हवे. बूट घ्यायचे असतील तर डोंगरात घालायचे तेच मोजे बरोबर न्यावेत आणि शक्यतो संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. आधीच्या मापातल्या बुटात जाड मोजे किंवा दोन-दोन मोजे कोंबण्याने काहीच साधत नाही. बूट आवळतो, बोटे दाबली जातात आणि दुखणे वाढते.

सह्याद्रीच्या पावसाची मात्र स्वतंत्र दखल घ्यायला हवी. परदेशी पुस्तकांतले सल्ले बरेचसे कोरड्या किंवा थंड डोंगरांसाठी असतात. इथे जुलैत ओढा ओलांडायचा म्हणजे पाणी बुटाच्या वरून आत येते. बूट जलरोधक असला तर ते पाणी आतच साठते. अशा वेळी कोणताही मोजा कोरडा राहणार नाही. उपाय साधा आहे: जादा जोडी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सॅकमध्ये वरच ठेवावी. दुपारच्या जेवणाच्या थांब्यावर बूट काढावेत, पाय पुसून दहा-पंधरा मिनिटे उघडे ठेवावेत आणि मगच कोरडे मोजे घालावेत. मुक्काम असेल तर झोपायची जोडी वेगळी ठेवावी. ती चालताना वापरायचा मोह टाळावा. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या चिखलात दिवसेंदिवस उभ्या राहिलेल्या सैनिकांचे पाय सडू लागले. तेव्हा पाय पुसून कोरडे करणे आणि मोजे नियमित बदलणे हा लष्करी शिस्तीचा भाग करावा लागला. आपल्याकडच्या चिखल्या त्या मानाने किरकोळ. पण बोटांच्या बेचक्यांतली सततची ओल हेच त्यांचेही मूळ. पावसाळ्यात सुती मोजे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि दमट मोजेच पुन्हा पायात जातात, हेही विसरू नये.

मोज्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. उतरताना अंगठ्याचे नख काळे पडत असेल, तर बूट आखूड आहे किंवा नाडी सैल आहे. सकाळी पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येत असेल, तर तळव्याच्या स्नायुबंधाचे दुखणे असू शकते. त्यासाठी डॉक्टरांकडे जावे. उशीदार मोजा तळव्यावरचा दाब थोडा वाटून घेतो, दुखण्याचे मूळ काढत नाही. गरम लागू लागलेल्या जागेवर लगेच कागदी चिकटपट्टी लावणे हा स्वस्त उपाय आहे. टप्प्याटप्प्याने धावायच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत लिपमन आणि सहकाऱ्यांनी तो तपासला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पट्टी लावलेल्या जागी फोडांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. घाम रोखणाऱ्या द्रावणांचा उपयोगही नोंदला गेला आहे. १९९८ च्या एका अभ्यासात ते लावलेल्या अमेरिकी लष्करी छात्रांपैकी २१ टक्क्यांना, तर न लावलेल्यांपैकी ४८ टक्क्यांना २१ किलोमीटरच्या चालीत फोड आले. पण द्रावण लावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या कातडीची आग झाली. मोजे बदलण्याने असे काही होत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. गडाच्या पोटातल्या वाडीतली माणसे साध्या चपलेवर, कधी अनवाणी, रोज डोंगर चढतात. त्यांना कुठे हे चोचले लागतात? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही आहे. वर्षानुवर्षे उघड्या पायाने चालून त्यांचा तळवा तयार झालेला असतो, आणि उघड्या पायात घाम कोंडत नाही. आठवड्याचे सहा दिवस खुर्चीत आणि बंद बुटात काढलेला पाय सातव्या दिवशी तसा होत नाही. शिवाय उघड्या पायालाही फोड येतात. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्यांच्या पायांना पट्ट्या बांधताना वाटेवरची वैद्यकीय पथके दरवर्षी दिसतात. खर्चाचा आक्षेपही तपासून पाहावा. मेरिनोचा मोजा महाग असतो आणि तो प्रत्येकाला लागतोच असे नाही. नीट विणलेला कृत्रिम धाग्याचा मोजा बुटाच्या किमतीच्या मानाने अगदी थोड्या पैशांत मिळतो. बुटात पाचशे रुपये वाचवून ते दोन चांगल्या जोड्यांवर घालणे हा तोट्याचा व्यवहार नव्हे.

फोड म्हणजे दोन दिवसांची कटकट, एवढ्यावर हा विषय सोडता येत नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केल्विन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा ३० जून १९२४ रोजी व्हाइट हाउसच्या मैदानावर मोजे न घालता टेनिस खेळला. पायाच्या बोटाला फोड आला, त्यात जंतू शिरले आणि ७ जुलैला रक्तातल्या संसर्गाने तो दगावला. तेव्हा प्रतिजैविके नव्हती; आज निरोगी मुलाच्या बाबतीत असे घडणे दुर्मीळ आहे. मधुमेही माणसाची गोष्ट वेगळी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांच्यापैकी अनेकांना चालण्याचा सल्ला दिला जातो आणि चालता चालता काही जण डोंगराकडेही वळतात. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना मंदावते. फोड येतो, फुटतो, चिघळतो, तरी दुखत नाही. त्यातूनच न भरणारी जखम होते आणि कधी बोट किंवा पाऊल गमवावे लागते.

अशा व्यक्तीने बिनशिवणीचे, पांढरे किंवा फिकट रंगाचे मोजे घालावेत, म्हणजे रक्ताचा किंवा पुवाचा डाग लगेच दिसतो. वरची इलॅस्टिक पट्टी आवळणारी नसावी. प्रत्येक थांब्यावर पाय डोळ्यांनी पाहावेत आणि फोड दिसलाच तर तो स्वतः न फोडता डॉक्टरांना दाखवावा. इतरांनीही लहान, न दुखणारा फोड तसाच झाकून ठेवावा. मोठा आणि ठणकणारा असेल, तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढावे, पण वरची कातडी ओढून काढू नये. तिच्याइतकी चांगली पट्टी औषधाच्या दुकानात मिळत नाही.

राहिला प्रश्न ही माहिती लोकांपर्यंत पोहोचवायची कोणी. दर शनिवार-रविवारी बसगाड्या भरून माणसे गडांवर नेणाऱ्या संस्थांची सूचनांची यादी लांबलचक असते: विजेरी, दोन लिटर पाणी, रेनकोट, कोरडा खाऊ, चांगले बूट. मोज्यांबद्दल त्यात फार तर ‘एक जादा जोडी’ असते. त्या जागी ‘लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे, मापाचे, दोन जोड्या, सुती नकोत’ एवढे लिहायला पैसे पडत नाहीत. सहभागींना मधुमेह आहे का, हे विचारणारी आणखी एक ओळही त्याच यादीत हवी. शाळांच्या सहली तर गणवेशाच्याच मोज्यांवर गडावर जातात. पालकांना पाठवायच्या पत्रात हीच सूचना घालता येईल. उत्पादकांनी धाग्यांचे प्रमाण आणि पावलाचे माप पाकिटाच्या दर्शनी भागावर छापावे, आणि दुकानदाराने गल्ल्याशेजारच्या टोपलीतले मोजे बुटांच्या कपाटाशेजारी आणून ठेवावेत. बूट घालून पाहताना गिऱ्हाइकाच्या पायात योग्य मोजा असेल, तर बुटाचे मापही बरोबर निघेल.